‘७७७ मारून टाका’ म्हणणाऱ्यांना

लिनक्स सर्व्हरवर चारजण एकाच फोल्डरमध्ये काम करू लागले की कधी ना कधी ‘परमिशन डिनाइड’ येतंच. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून यूट्यूबपर्यंत एकच तोडगा फिरत असतो: रूट (सर्वाधिकारी यूजर) होऊन त्या फोल्डरवर ‘चमॉड -आर ७७७’ मारा. चमॉड ही हक्क (मोड) बदलणारी कमांड, ‘-आर’ म्हणजे आतल्या सगळ्यासकट. तीन आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि बाकीचे सगळे यांचे. प्रत्येक आकडा म्हणजे वाचणं (आर, ४), लिहिणं (डब्ल्यू, २) आणि चालवणं किंवा फोल्डरात शिरणं (एक्स, १) यांची बेरीज. म्हणजे ७७७ने सगळ्यांना सगळं खुलं. सोबत चार आश्वासनं मिळतात. अडचण हमखास सुटते, पुन्हा येत नाही, सगळे आपलेच लोक असल्याने धोका नाही, आणि वाटलंच तर नंतर ७५५ करून पूर्ववत करता येतं. यातलं एकही खरं नाही.

“अडचण हमखास सुटते.” फोल्डरपर्यंत पोचायचं तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’ची परवानगी लागते. उबुंटूत २१.०४ पासून नव्या यूजरचं होम फोल्डर ७५० असतं. त्याच्या पोटातलं ‘शेअर्ड’ फोल्डर कितीही उघडं टाका, बाकीचे होमच्या दारातच अडणार. आधी ‘नेमआय -एल’ या कमांडला पूर्ण पाथ द्या. प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि मोड एकाखाली एक दिसतो आणि वाट कुठे अडली ते कळतं. एसईलिनक्सने (मोडपलीकडचा वेगळा सुरक्षा-पहारा) अडवलं असेल किंवा डिस्क रीड-ओन्ली माउंट झाली (नुसती वाचण्यापुरती जोडली गेली) असेल, तर ७७७चा काडीचा उपयोग नाही.

“पुन्हा येत नाही.” चमॉड त्या क्षणी असलेल्या फायलींवर चालतो, उद्या बनणाऱ्या फायलींवर नाही. नव्या फायलींतून कोणते हक्क वगळायचे ते यूमास्क ही सेटिंग ठरवते. ती ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ आणि नवं फोल्डर ७५५ होऊनच जन्माला येतं. म्हणजे उद्या सकाळी एकाने नवं फोल्डर केलं की दुसऱ्याला त्यात फाइल टाकता येत नाही. मग पुन्हा ७७७. काहीजण तर तो क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) टाकून मोकळे होतात!

“सगळे आपलेच लोक.” यूजरच्या यादीत माणसंच नसतात. वेब सर्व्हर ज्या खात्याने चालतो तेही त्या शेवटच्या ७मध्ये येतं. वेबसाइटच्या कोडमध्ये एक भोक सापडलं की तुमच्या हिशेबाच्या फायली लिहायला मोकळ्या.

यावर सुधारित आवृत्ती ऐकवली जाते: “फक्त फोल्डर ७७७ ठेवा, फायली ६४४ राहू द्या, मग कोणी बदलू शकत नाही.” सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. फाइल पुसणं किंवा तिचं नाव बदलणं ही फोल्डरच्या यादीतली खाडाखोड आहे. तिला फोल्डरवरचे ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ पुरतात. फाइलचा स्वतःचा मोड कोणी विचारत नाही. रूटच्या मालकीची ६०० मोडची फाइलसुद्धा ७७७ फोल्डरमधून कोणीही उडवू शकतो. अशा फोल्डरमधल्या दुसऱ्याच्या ६४४ फाइलवर ‘सेड -आय’ (फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड) चालवून बघा: बिनतक्रार चालतं, कारण ते नवी फाइल लिहून जुनीच्या जागी बसवतं, आणि फाइलचा मालकही बदललेला दिसतो. ‘टीएमपी’ फोल्डर सगळ्यांना खुलं असूनही चालतं ते १७७७मधल्या पहिल्या १मुळे. हा स्टिकी बिट. तो असला की फाइल पुसता येते फक्त तिच्या मालकाला, फोल्डरच्या मालकाला आणि रूटला.

“नंतर ७५५ करता येतं.” कोणती फाइल ६००ची होती आणि कोणती ६४४ची, हे ७७७ने पुसून टाकलेलं असतं. ‘-आर ७५५’ने पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइलही सर्वांना वाचता येते आणि प्रत्येक एक्सेल शीट एक्झिक्युटेबल होते. चमॉडला आकड्यांऐवजी मोठा ‘एक्स’ दिला तरी इथे वाचवत नाही, कारण ज्या फाइलवर आधीच छोटा ‘एक्स’ आहे तिथे तो राहतोच, आणि आता छोटा ‘एक्स’ सगळीकडेच आहे. ‘-आर ७७७’ चुकून होम फोल्डरवर चाललं तर पासवर्डऐवजी की-फाइल वापरून होणारं एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरण्याचं) लॉगिन बंद पडतं. ‘यूएसआर’वर (सिस्टिमचे प्रोग्रॅम असलेलं फोल्डर) चाललं तर सुडोचा, म्हणजे रूटचे हक्क मिळवून देणाऱ्या कमांडचा, सेटयूआयडी बिट (ज्याच्यामुळे ती रूट म्हणून चालते) जातो, आणि दुरुस्तीला लागणारा सुडोच हातचा जातो. काहीही बदलण्याआधी सगळे हक्क लिहून देणाऱ्या ‘गेटएफएसीएल -आर’चा निकाल फाइलमध्ये साठवा, ‘सेटएफएसीएल --रिस्टोर’ तो परत बसवतं. पूर्ण पाथ देऊन साठवला असेल तर परत बसवताना रूट डिरेक्टरीत उभं राहून चालवा, कारण साठवताना सुरुवातीची तिरकी रेघ काढलेली असते.

मग करायचं काय? ‘हिशेब’ नावाचा ग्रुप काढा आणि माणसं ‘यूजरमॉड -एजी’ने त्यात घाला. ‘ए’ विसरलात तर तो माणूस बाकीच्या सगळ्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडतो, सुडोच्याही. नवा ग्रुप पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो. खात्री ‘आयडी’ कमांडने करा. फोल्डर होममध्ये नको, सिस्टिमच्या ‘एसआरव्ही’ फोल्डरखाली ठेवा. ‘चग्रप -आर’ने सगळं ग्रुपच्या नावे करा, मग ‘फाइंड’ने फोल्डरांना २७७० आणि फायलींना ६६० वेगवेगळं द्या. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत बनणारी प्रत्येक गोष्ट ‘हिशेब’ ग्रुपचीच होते. यूमास्कचा काटा काढायला डीफॉल्ट एसीएल (नव्या फायलींना आपोआप लागणारी हक्कांची यादी) लावा, ‘सेटएफएसीएल -आर -डी -एम’, नोंद ‘जी::आरडब्ल्यूएक्स’ (ग्रुपला तिन्ही हक्क). तो असला की यूमास्क बघितलाच जात नाही.

ऑडिटरला नुसतं वाचायला द्यायचं असेल तर त्याच्या नावाची वेगळी एसीएल नोंद करा, डीफॉल्टमध्येही. त्यानंतर ‘एलएस -एल’मध्ये मोडपुढे अधिकचिन्ह येतं आणि मधली तीन अक्षरं ग्रुपची राहत नाहीत, मास्कची होतात. मास्क म्हणजे ग्रुपला आणि नावाच्या नोंदींना मिळू शकणाऱ्या हक्कांची कमाल मर्यादा. कोणी सवयीने चमॉड ७०० मारला की मास्क शून्य होतो. नोंदी जागेवर, हक्क गायब. ‘गेटएफएसीएल’मध्ये ‘इफेक्टिव्ह’पुढे नुसत्या रेघा दिसतात.

एक भोक तरी उरतंच. त्याच डिस्कवरून ‘एमव्ही’ने (फाइल हलवणारी कमांड) आणलेली फाइल जुना ग्रुप आणि जुना मोड घेऊन येते, सेटजीआयडी तिला लागत नाही. बाहेरची फाइल ‘सीपी’ने (प्रत काढणारी कमांड) आणायची, तीही ‘-पी’ (जुने मालक-मोड जपणारा पर्याय) न लावता. त्याने ग्रुप बरोबर लागतो, पण मूळ फाइल ६४४ असेल तर ग्रुपला लिहिता येत नाही, तेवढं ‘चमॉड जी+आरडब्ल्यू’ने द्या.