‘इथे आधी काहीच नव्हतं’ म्हणे!

आठवडाभर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘१९७० आधी नवी मुंबई म्हणजे नुसती दलदल. सिडकोने खाडीत भराव घालून शहर वसवलं. तिवरांमुळे डास होतात. फ्लेमिंगो सांडपाण्यामुळे येतात, त्यांना अभयारण्य दिलंय, मग उरलेल्या डबक्यांचं कौतुक कशाला?’ खाली तळ्यातल्या गुलाबी थव्याचा फोटो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग.

मी सीवूड्सला राहतो, करावे गावाला लागून. म्हणून राहवलं नाही.

पहिलं दलदलीचं. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालं, इथवर ठीक. पण शहराला जमीन दिली ती ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या ९५ गावांनी. सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे ही आगरी-कोळ्यांची गावं तेव्हाही होती, आजही सेक्टरांच्या मधोमध आहेत. भातखाचरं होती, मिठागरं होती. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि दरवर्षी त्यांची डागडुजी करायची. बेलापूरचा किल्ला तर त्याहून जुना: सिद्दींचा, मग पोर्तुगीजांचा, अठराव्या शतकात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आलेला. आणि १६ व १७ जानेवारी १९८४? शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायची योजना या लढ्यातूनच पुढे आली. नुसत्या दलदलीसाठी कोण जीव देईल?

भरावाचं म्हणाल तर अर्धं खरं. काही सेक्टर भरावावर आहेत, बरीच वस्ती मात्र शेतांवर उभी आहे.

डासांचं झटपट उरकतो. शहरातला मलेरिया पसरवणारा डास टाक्या, विहिरी, बांधकामावर साचलेलं पाणी शोधतो; डेंग्यूचा तर कुंडीखालच्या बशीतही वाढतो. तिवरांत, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. तिथे पाणी साचतं ते कुणी राडारोडा टाकून नाल्याचं तोंड बुजवलं तर. आधी गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघा.

फ्लेमिंगोंच्या बाबतीत मेसेजवाल्याला थोडं श्रेय देतो. आपले रोहित पक्षी, त्यातही लहान जातीचे, निळं-हिरवं शेवाळ खातात आणि सांडपाण्याने शेवाळ वाढतं, हे खरं. पण नुसत्या शेवाळावर भागत नाही. त्यांना उघडा चिखल लागतो आणि भरतीत तो बुडाला की टेकायला उथळ, शांत पाणी लागतं. एप्रिलमध्ये भरतीच्या वेळी आमच्या सीवूड्सच्या तळ्यावर या. पाणी चढतं तसे खाडीवरचे थवे उठतात आणि इमारतींच्या कडेने इथे उतरतात. त्यांत राखाडी पक्षी दिसले तर आजारी समजू नका, ती पिल्लं आहेत, अजून रंगायची आहेत.

आता अभयारण्य. २०१५ साली जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य साधारण १,६९० हेक्टरचं आहे: ८९६ हेक्टर तिवरं, ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, अभिमान आहेच. पण ते ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान, खाडीच्या पश्चिम बाजूला आहे. नेरुळ, सीवूड्सची तळी त्याच्या हद्दीबाहेर. पक्ष्यांना हद्द कळत नाही. ओहोटीला ते तिथे चरतात, भरतीला इथे येतात. भरतीच्या पाण्याची वाट अडवली की तळं सुकतं, शेवाळाचा थर चढतो आणि थव्याला टेकायला जागा उरत नाही. ‘उरलेली डबकी’ म्हणतात ती हीच.

आणि मेसेजखालचा तो फोटो? मोठा करून बघा. थव्यामागे दिसतात त्या आमच्याच इमारती.