रॅचेटवर पाइप चढवू नका!

परत तेच. बोल्ट गंजून बसलाय आणि माझ्या अर्धा इंची रॅचेटवर, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी वाटी (सॉकेट) फिरवायच्या दातेरी दांड्यावर, कुणीतरी हातभर पाइप चढवलाय. किती वेळा सांगायचं? रॅचेट भराभर फिरवायला असतो, उचकटायला नाही. आतले बारीक दाते एकदा झडले की संपलं. पहिला हिसका ब्रेकर बारनेच, म्हणजे आत दाते नसलेल्या लांब दांड्यानेच द्यायचा.

१ मीटरच्या दांड्याच्या टोकावर ५० किलो भार टाकला तर जवळपास ४९० न्यूटन-मीटर पीळ बसतो. म्हणूनच ब्रेकर बार पाऊण इंची ड्राइव्हचा घेतलाय. ड्राइव्ह म्हणजे सॉकेट अडकवायचा टोकाचा चौकोन. चौकोनाची बाजू दीडपट झाली की पीळ सोसायची ताकद तिपटीहून जास्त वाढते. जड आहे म्हणून तो पेटीतच ठेवायचा, हे कसलं शहाणपण? आणि काढलाच, तर पुढे अडॅप्टर लावून परत अर्धा इंची सॉकेट! मग सगळा जोर त्याच बारक्या चौकोनावर येतो ना!

त्यात बारा कोनी सॉकेट. गंजलेल्या डोक्यावर ते घसरतं, कोपरे गोल होतात, मग कुठलाच पाना धरत नाही. सहा कोनी घ्या, पूर्ण खाली बसवा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, एवढंही जमत नाही?

आज हा तिसरा रॅचेट गेला.