यहुदी धर्माचे दार बंद नाही

“यहुदी जन्मावाच लागतो, बाहेरचा कोणी गेलाच तर रब्बी (यहुदी धर्मगुरू) त्याला तीनदा हाकलून देतात, धर्म स्वीकारणारे इस्राएलच्या नागरिकत्वासाठीच जातात, आणि आत गेल्यावरही ते कायम परकेच राहतात,” अशा आशयाचा मजकूर मराठीत पुन्हा पुन्हा फिरत असतो. हा मार्ग धरू पाहणाऱ्या माणसाचे मन पहिल्याच पायरीवर खचवणारा हा मजकूर असल्याने त्यातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

आई यहुदी असेल तर मूल यहुदी, हा नियम खरा आहे. पण त्याच धर्मशास्त्राने ‘गियुर’ म्हणजे धर्मस्वीकार हा दुसरा मार्गही तितकाच वैध मानला आहे. “तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव,” असे सासू नामीला सांगणारी बायबलमधील रूथ जन्माने मवाबी, म्हणजे बिगरयहुदी, होती आणि दावीद राजा तिचा पणतू. शाव्हुओतच्या सणाला, म्हणजे तोरा (मूळ धर्मग्रंथ) मिळाल्याच्या स्मरणदिनी, तिचीच कथा वाचली जाते.

तीनदा परत पाठवण्याच्या रूढीचा आधारही त्याच कथेत शोधला जातो, कारण नामीने रूथला ‘परत जा’ असे तीनदा म्हटले होते. तालमूद या प्राचीन धर्मनियम-ग्रंथातील विधी मात्र हाकलून देण्याचा नाही. येणाऱ्याला विचारावे, की आजच्या काळात इस्राएल लोक पीडित आणि त्रस्त आहेत हे ठाऊक नाही का; तो “ठाऊक आहे, आणि माझी तेवढी योग्यताही नाही,” असे म्हणाला तर त्याला लगेच स्वीकारावे, काही सोप्या आणि काही कठीण आज्ञा सांगाव्यात, पण त्याच्यावर फार भडिमार करू नये, असे तिथे म्हटले आहे. या सावधगिरीला इतिहासही कारण आहे: चौथ्या शतकापासून ख्रिस्ती रोमन सम्राटांनी यहुदी धर्मात प्रवेश करण्या-करवण्यावर कठोर शिक्षा लादल्या. शिवाय नोहाच्या सात आज्ञा (सर्व मानवांसाठी मानलेले मूलभूत नियम) पाळणारा बिगरयहुदीही परलोकाचा वाटेकरी होतो, अशी शिकवण असल्यामुळे कोणाला ओढून आणण्याची गरजच या धर्माला वाटत नाही.

नागरिकत्वाचा आरोप थोडक्यात निकाली निघतो. यहुदींना इस्राएलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या 1950 च्या परतीच्या कायद्यात 1970 मध्ये झालेल्या दुरुस्तीने धर्म स्वीकारलेल्यांनाही यहुदी गणले आहे. पण धर्मन्यायमंडळ हेतू तपासते, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस), आहाराचे नियम, प्रार्थना आणि सणांचे संपूर्ण चक्र जगून पाहणे ही कागद मिळवण्याची सोपी वाट म्हणता येणार नाही. त्यानंतर तीन सदस्यांच्या मंडळापुढे स्वीकृती, पुरुषांची सुंता (ती आधीच झालेली असल्यास रक्ताचा एक थेंब) आणि मिकवे म्हणजे विधिस्नानाच्या कुंडातील पाण्यात पूर्ण बुडी, असा विधी होतो. ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) मंडळे रिफॉर्म (सुधारणावादी) पंथाचा गियुर मान्य करत नाहीत; म्हणून आपल्याला ज्या समाजात राहायचे आहे तो कोणाचा गियुर मानतो, हे प्रारंभीच विचारून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

उरला परकेपणाचा मुद्दा. त्यात तथ्याचा अंश आहे: ऑर्थोडॉक्स नियमानुसार कोहेन म्हणजे पुरोहित कुळातील पुरुषाला धर्म स्वीकारलेल्या स्त्रीशी विवाह करता येत नाही, आणि माणसे शास्त्राइतकी उदार नेहमीच नसतात. पण संशय जन्माने यहुदी असलेल्यांच्याही वाट्याला येतो. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात शब्बाथ पाळून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले आपले बेने इस्राएल इस्राएलमध्ये गेले, तेव्हा 1960 च्या दशकाच्या प्रारंभी रब्बिनेटने (तिथल्या अधिकृत धर्मगुरू-मंडळाने) विवाहासाठी त्यांच्या वंशाची चौकशी आरंभली, आणि आंदोलनानंतर 1964 मध्ये सरकारला ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर करावे लागले. जन्म हीच अखेरची खात्री असती, तर हे घडले नसते.

शास्त्राची भूमिका मात्र निःसंदिग्ध आहे. धर्म स्वीकारलेल्याच्या मुलाला पूर्वजांच्या आचाराची आठवण करून देऊन दुखवण्यास मिश्नेत, म्हणजे तालमूदाच्या मूळ संहितेत, मनाई आहे. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या अशाच एका गृहस्थाने, प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे आपण म्हणावे का, असे थोर यहुदी धर्मशास्त्रज्ञ मैमोनिदेस यांना पत्राने विचारले होते. सर्व शब्द जसेच्या तसे म्हणावेत, तुमच्यात आणि आमच्यात काही भेद नाही, असे त्यांनी कळवले. आणि स्वतःच्या वंशाला कमी लेखू नका, आमचा वंश अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याशी जुळतो, तर तुमचा ज्याच्या शब्दाने जग निर्माण झाले त्याच्याशी, असेही लिहिले.