फोटोतलं काडतूस १८५७ चं नाही आणि माळ्यावरचं मेलेलं नाही

गेल्या रविवारी आत्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर पितळी काडतुसाचा चकचकीत फोटो, खाली सहा मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा'. हाच मेसेज त्याआधी मला ऑफिसच्या ग्रुपवर आला होता, सोसायटीच्याही. दोन्ही वेळा मी वाचून सोडून दिला. इतिहासाच्या नावाने रोज काय काय फिरत असतं, कुणाकुणाशी भांडणार?

बुधवारी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. माळा आवरताना तिच्या आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत अगदी तसंच एक काडतूस सापडलं होतं, आणि आमचे भाचे ते व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळून ड्रिलचं पातं शोधत होते. कीचेन करायची म्हणे. मी फोनवरच ओरडलो. त्यावर उत्तर काय, तर "मामा, आजीच्या मेसेजमध्ये दिलंय ना, शंभर वर्षांनी दारूची माती होते!"

म्हणून आता हे लिहिणं आलं.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज पोहोचला नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी त्याचा सारांश. एक, फोटोतलं काडतूस म्हणजेच १८५७ चं काडतूस. दोन, शिपायांना त्याची टोपी दातांनी उपटावी लागे आणि टोपीतला पारा त्यांच्या पोटात जाई. तीन, त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली असे. चार, मंगल पांडे यांनी ते चावायला नकार दिला म्हणून त्यांना फाशी झाली. पाच, मेरठच्या ८५ जणांनीही हीच चरबीची काडतुसं नाकारली. सहा, अशी काडतुसं अजून कित्येक घरांत पडून आहेत, ती आता निर्जीव आहेत, तेव्हा भोक पाडून दारू काढा आणि वारसा म्हणून जपा.

सुरुवात सहाव्यापासून करतो, कारण बाकीच्या पाचांनी फार तर परीक्षेतले मार्क जातील. सहाव्याने बोटं जातील.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. शंभर भागांत साधारण ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. हे तिन्ही एकमेकांत नुसते कालवलेले असतात. त्यात आपोआप कुजण्यासारखं काही नाही. ओल लागली तर दारू पेट घेत नाही हे खरं, पण ओल वाळली की ती पुन्हा आपल्या कामाला तयार. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात जुन्या युद्धवस्तू जमवणारा एक माणूस आपल्या घराच्या आवारात तोफेचा गोळा साफ करत होता. गोळा अमेरिकेच्या यादवी युद्धातला, म्हणजे १८६१ ते ६५ मधला. तो फुटला आणि माणूस जागीच गेला. हा माणूस नवशिका नव्हता, असे गोळे त्याने त्याआधी पुष्कळ हाताळले होते. दीडशे वर्षांच्या आसपास वय झालेली दारू, आणि आमच्या मेसेजच्या हिशेबाने तिची केव्हाच माती झालेली होती.

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगून टाकतो. काळ्या दारूनंतर जी बिनधुराची दारू आली, ती रासायनिक पदार्थ आहे आणि ती दशकानुदशकं पडून राहिली की खरंच बिघडते. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा कुठेतरी हे वाचलं आणि काळ्या दारूला चिकटवलं. पण बिघडलेली दारू म्हणजे निरुपद्रवी दारू नव्हे, हे त्याला तिथेही कळलेलं दिसत नाही.

आणि दारूपेक्षा मोठी भीती टोपीची. पितळी काडतुसाच्या बुडाला मधोमध जी छोटी गोल चकती दिसते, ती टोपी, म्हणजे प्राइमर. तिच्या आत चिमूटभर असा मसाला असतो की ठोका बसला की ठिणगी पडावी. तिचा जन्मच त्यासाठी. ठोका, घर्षण, उष्णता, तिन्हींना ती भुलते, आणि ड्रिल मशीन हे तिन्ही एकाच वेळी देतं. जुनी टोपी मेलेली असू शकते. जिवंतही असू शकते. बाहेरून बघून ते कळत नाही, मला नाही आणि वीस वर्षांच्या मुलाला तर नाहीच. बंदुकीत असताना काडतुसाला चारी बाजूंनी लोखंडाचा आधार असतो, म्हणून जोर गोळीमागे जातो. व्हाइसमध्ये तो आधार नसतो. तिथे पितळच फाटतं आणि त्याच्या चिंध्या समोरच्याच्या डोळ्यात जातात.

तेव्हा असं काही सापडलं तर घासू नका, तापवू नका, हलवून आत काय वाजतंय ते बघू नका, पिशवीत घालून पोलिस ठाण्यात नेऊही नका. आहे तिथे ठेवा, मुलांना बाहेर काढा आणि ठाण्याला फोन करा. शिवाय १९५९ चा शस्त्र अधिनियम आहेच. परवान्याशिवाय जिवंत काडतूस घरात बाळगता येत नाही, मग ते आजोबांचं असो की पणजोबांचं. 'वारसा म्हणून जपा' म्हणणाऱ्याने हेही लिहायला हवं होतं.

आता फोटो. याला मी खरं तर एका ओळीत उडवणार होतो, पण दुसरा मुद्दा त्याच्याच पोटातून निघालाय.

१८५७ ची एनफिल्ड ही ठासणीची बंदूक. तिचं काडतूस कागदाचं. कागदाची सुरळी, तिच्या एका टोकाला मोजून भरलेली दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. शिपाई दारूकडचं टोक दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायचा, सुरळी उलटी करून गोळीचं टोक नळीच्या तोंडात बसवायचा, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने ठासायचा. टोपी या सगळ्यात कुठे? कुठेच नाही. ती वेगळी असायची, तांब्याची, स्वतंत्र, आणि अगदी शेवटी बोटांनी बंदुकीच्या कानाजवळच्या बोंडीवर, म्हणजे आत भोक असलेल्या छोट्या खुंटीवर, बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत. काडतुसाला टोपीच नव्हती, तर ती दाताने उपटणार कशी? टोपीच्या मसाल्यात पारा होता, हे बरोबर. फक्त ती तोंडात जायचं कारण नव्हतं.

टोपी, दारू आणि गोळी एकाच पितळी घरात नांदायला लागली ती इंग्रजी फौजेत तरी बंडानंतर. तिथे कर्नल बॉक्सर यांनी स्नायडर रायफलीसाठी तसं काडतूस केलं ते १८६६ च्या सुमारास, आणि तेही पातळ पितळी पत्रा गुंडाळून. मेसेजच्या फोटोतलं काडतूस गुळगुळीत, अखंड पितळेचं आहे आणि त्याची मान बाटलीसारखी चिंचोळी होत गेलीये. ही ठेवण मार्टिनी-हेन्रीची. ती रायफल आली १८७१ मध्ये, आणि तिची अखंड पितळेची काडतुसं त्यानंतर, १८८० च्या दशकात. म्हणजे मंगल पांडे गेल्यावर पंचवीसेक वर्षांनी बनलेली वस्तू त्यांच्या तोंडात घातलीये.

तिसरा मुद्दा, चरबी. इथे मला नाइलाजाने मान डोलवावी लागते. चरबी होती. काळी दारू जळाली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग काजळी होऊन नळीतच बसतो, आणि एनफिल्डची नळी आतून आट्यांची, म्हणजे पिळदार खाचांची. वंगण नसेल तर चार-दोन बारांनंतर गोळी गजाने हटत नाही. म्हणून काडतुसाचं गोळीकडचं टोक चरबी आणि मेणाच्या मिश्रणात बुडवत. ती चरबी कोणत्या जनावराची, हे तपासायची तसदी कुणी घेतली नव्हती, हे नंतरच्या चौकशीत उघड झालं. दात लागायचे ते दुसऱ्या टोकाला, हे खरं. पण एकाच थैलीत दाबून ठेवलेली काडतुसं एकमेकांना चिकटणार, बोटांना लागणार, आणि विटाळ काही इंचपट्टीने मोजत नाहीत. शिपायांचा संशय वेडगळ नव्हता. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमच्या छावणीत बोभाटा झाला आणि महिनाअखेरीस सरकारने काडतुसं कोरी, बिनचरबीची देण्याचा, शिपायांनी आपल्या पसंतीचं तेल-मेण लावण्याचा हुकूमही काढला. पण तोवर नुसत्या कागदावरही विश्वास उरला नव्हता. कागद चकाकतो, जाळला तर चरचरतो आणि चरबीचा वास येतो, असं शिपायांनी कलकत्त्याजवळच्याच बराकपूरच्या छावणीतल्या चौकशीत सांगितलं.

हे लक्षात घेतलं नाही तर पाचवा मुद्दा कळणारच नाही. मेरठला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळातल्या ९० निवडक स्वारांपुढे जी काडतुसं ठेवली ती नवी नव्हतीच. ती त्यांच्या नेहमीच्या, आखूड बंदुकांची, जुन्या पद्धतीची, बिनचरबीची होती. दाताने फाडायचीही सक्ती नव्हती, हाताने फाडण्याची नवी रीतच तर त्यांना दाखवायची होती. तरी ८५ जणांनी हात लावला नाही. लष्करी न्यायालयात बसलेले अधिकारी हिंदीच होते. त्यांनी सक्तमजुरी ठोठावली, बहुतेकांना दहा वर्षांची. ९ मेला साऱ्या पलटणींसमोर बेड्या ठोकल्या आणि १० मेला मेरठ पेटलं.

पण माझा सगळा भर मेरठच्याही आधीच्या एका प्रसंगावर आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. बंगालमधलं बेहरामपूर, २६ फेब्रुवारी १८५७. दुसऱ्या दिवशी सकाळी १९ व्या पलटणीचा सराव, तोही बिनगोळीच्या काडतुसांचा. आदल्या संध्याकाळी टोप्या वाटायला घेतल्या, आणि शिपायांनी त्या घ्यायलाच नकार दिला. टोप्या! त्यांना ना चरबी, ना कागद, ना दाताशी संबंध. तांब्याच्या निव्वळ चिमुकल्या टोप्या. पण टोपी घेतली की उद्या काडतूस घ्यावं लागणार, आणि कोठारातल्या काडतुसांचा कागद दोन तऱ्हांचा दिसत होता. म्हणून त्यांनी नकार एक पायरी आधीच दिला. पलटणीचा प्रमुख कर्नल मिचेल रात्री मशालींच्या उजेडात घोडदळ आणि तोफा घेऊन त्यांच्यावर चालून गेला. शेवटी ही पलटण बराकपूरला चालवत आणून ३१ मार्चला मोडली. टोपीची खरी गोष्ट सांगायचीच होती तर ही होती. दातांनी उपटण्याच्या भाकडकथेची गरजच नव्हती.

राहता राहिला चौथा. ही पलटण मोडायच्या दोनच दिवस आधी, २९ मार्चला, त्याच बराकपूरला ३४ व्या पलटणीच्या मंगल पांडे यांनी आपली भरलेली बंदूक घेऊन पलटणीला हाक दिली आणि अधिकाऱ्यांवर हत्यार उचललं. त्या दुपारी त्यांना काडतूस चावायचा हुकूम कुणीही दिला नव्हता. ८ एप्रिलची फाशी त्या उठावाबद्दल होती. 'चावायला नकार दिला' असं लिहून त्यांना मोठं केलं असं ज्याला वाटतं, त्याने ते दोनदा वाचावं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तेव्हा आत्याचा फोन आला. "अरे, मला वाटलं चांगलं आहे म्हणून टाकलं," एवढंच म्हणाली, आणि मेसेज काढलाही. बहिणीकडे त्याच रात्री पोलिस येऊन गेले. हवालदाराने काडतूस व्हाइसमधून अलगद सोडवलं, वाळूच्या बादलीत ठेवलं आणि विचारलं, "हे आवळलं कुणी?" पितळेवर व्हाइसच्या जबड्याचे दोन ओरखडे होते. त्यातला खालचा टोपीपासून करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर.