हँडलच्या स्विचचे वायरिंग: ‘अर्ध्या तासाच्या’ कृतीला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतील जुन्या मोटरसायकलींच्या शौकिनांमध्ये एक संदेश बराच काळ फिरतो आहे. हँडलवरचा स्विच घरच्या घरी अर्ध्या तासात बसवता येतो असे सांगून त्यात पाच सूचना दिल्या आहेत: रंगाला रंग जोडावा, हँडल लोखंडी असल्याने अर्थची (करंट गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परतण्याची) वेगळी वायर ओढू नये, किल स्विच (इंजिन बंद करण्याचे बटण) इग्निशनच्या, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेच्या, वायरमध्ये मधोमध टाकावा, 6 व्होल्टची गाडी 12 व्होल्टची केली की जुना स्विच जळतो, म्हणून तो बदलावाच, आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा घालावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, परंतु यांपैकी एकही सूचना सरसकट पाळण्याजोगी नाही, आणि किल स्विच व फ्यूजबद्दलच्या दोन सूचनांनी तर गाडीचे वायरिंग पेटू शकते.

वायरचा रंग त्या-त्या कंपनीपुरताच खरा असतो. यामाहाच्या पद्धतीत काळी वायर म्हणजे अर्थ, तपकिरी म्हणजे चावीनंतरचा करंट, पिवळी अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) आणि हिरवी डिपर (जवळचा झोत). होंडाच्या पद्धतीत हिरवी म्हणजे अर्थ, काळी म्हणजे चावीनंतरचा करंट, निळी अप्पर आणि पांढरी डिपर. आता होंडाच्या रंगांचा बाजारातला स्विच यामाहाच्या आरएक्स 100 ला ‘रंगाला रंग’ जोडला, तर स्विचची करंटची वायर गाडीच्या अर्थवर जाऊन बसते आणि अर्थची वायर डिपरच्या फिलॅमेंटला चिकटते. उलट प्रकारात, म्हणजे यामाहाचा स्विच होंडाच्या हार्नेसला (गाडीतल्या वायरींच्या जुडग्याला) लावताना, काळी वायर स्विचच्या बॉडीला जोडलेली निघाली तर चावी फिरवताच थेट शॉर्ट होतो. लुकास कंपनीचे वायरिंग असलेल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये लाल वायर ही अर्थ असते, आणि लाल म्हणजे प्लस असे शाळेपासून डोक्यात बसलेला माणूस तिथे हमखास फसतो. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत मूळ हार्नेस शिल्लक असेलच असे नाही. मधल्या कुणा इलेक्ट्रिशियनने हाताशी असेल त्या रंगाची वायर टाकलेली असते. त्यामुळे मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके जुळलेली असली की बीप वाजतो त्या खुणेवर) ठेवून स्विचचे प्रत्येक बटण दाबून कोणत्या दोन वायरी जुळतात आणि कोणत्या सुटतात हे कागदावर लिहून घेणे, हाच खरा आरंभ आहे. त्यातच अर्धा तास जातो.

किल स्विचबद्दलची सूचना सर्वांत घातक आहे, कारण ती निम्म्या गाड्यांना लागू पडते आणि म्हणून पटते. बॅटरी, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि पॉइंट (ठिणगीच्या क्षणी करंट तोडणारे कॉन्टॅक्ट) असलेल्या गाडीत कॉइलला जाणारा करंट तोडला की इंजिन बंद पडते. तिथे स्विच ‘रन’वर जुळलेला आणि ‘ऑफ’वर सुटलेला हवा, आणि तो कॉइलच्या वायरमध्ये मधोमध टाकणे योग्यच आहे. मॅग्नेटोवर (इंजिनासोबत फिरून स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) किंवा मॅग्नेटोच्या सीडीआयवर (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर) चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत काम नेमके उलटे चालते. तिथे ठिणगीला बॅटरी लागतच नाही, त्यामुळे तोडण्यासारखा करंट नसतो. इंजिन बंद करण्यासाठी मॅग्नेटोची किंवा सीडीआयची एक वायर अर्थला टेकवावी लागते. या गाडीत पहिल्या प्रकारचा स्विच किलच्या वायरवर लावला तर तो ‘रन’वर असताना ठिणगी येणार नाही आणि ‘ऑफ’वर ठेवताच येईल. दुसऱ्या प्रकारचा स्विच बॅटरी-कॉइलच्या गाडीत लावून कॉइलची प्लस वायर अर्थला टेकवली, तर फ्यूज उडेल, आणि फ्यूज नसेल तर वायर वितळेल. सीडीआयच्या किल वायरला चुकून बॅटरीचा प्लस लागला तर सीडीआय निकामी होऊ शकतो, आणि जुन्या गाडीचा अस्सल सीडीआय मिळवणे ही कुर्ल्याच्या बाजारातही सोपी गोष्ट नाही. बीप ‘रन’वर वाजतो की ‘ऑफ’वर, एवढे मीटरने पाहिले तर हे सगळे टळते.

हँडलमधून अर्थ मिळते हे खरे आहे. जुन्या गाड्यांतले एका वायरचे हॉर्नचे बटण तसेच चालत असे. परंतु तो मार्ग हँडलचा क्लॅम्प, फोर्क आणि ग्रीस भरलेले स्टिअरिंगचे बेअरिंग यांतून जातो. हँडलला पावडर कोटिंग केले असेल किंवा क्लॅम्पखाली रबर असेल तर तो तुटतो, आणि खाडीकाठच्या दमट हवेत क्लॅम्पखाली गंज धरला की हॉर्न आधी घोगरा होतो आणि मग मुका. स्विचच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थ पॉइंटपर्यंत एक स्वतंत्र वायर ओढायला फारसा खर्च येत नाही. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टनच्या ज्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस चॅसिसला असतो, तिथेही साधा स्विच तसाच चालतो. फरक पडतो तो एलईडी आणि इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला.

व्होल्टेजच्या सूचनेत गणितच उलटे आहे. 35 वॅटचा बल्ब 6 व्होल्टवर सुमारे 5.8 अँपिअर घेतो आणि त्याच वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 2.9; म्हणजे बदलानंतर स्विचवरचा भार निम्मा होतो. 60 वॅटचा फिलॅमेंटही 5 अँपिअरच घेतो. स्विच जळतो तो घोडबंदर रोडवर उजेड पडावा म्हणून घातलेल्या 100 वॅटच्या बल्बमुळे, जो 8 अँपिअरहून जास्त खेचतो. तिथे स्विच बदलण्याऐवजी अप्पर आणि डिपरसाठी एकेक रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घालावा: त्याच्या 30 क्रमांकाच्या टोकावर बॅटरीतून फ्यूजमार्गे करंट, 87 वरून बल्ब, 85 आणि 86 पैकी एकावर स्विचची वायर आणि दुसऱ्यावर अर्थ. मग स्विचमधून अँपिअरचा लहानसा अंशच वाहतो. ज्या गाड्यांत हेडलाइट मॅग्नेटोच्या एसीवर (सतत दिशा बदलणाऱ्या करंटवर) चालतो, तिथे मात्र त्या एसीवर साधा रिले लावू नये, तो थरथरतो. खरे तर मूळ स्विच जपण्याची गरज 6 व्होल्टच्या गाडीला जास्त आहे, कारण मळलेल्या कॉन्टॅक्टमध्ये अर्धा व्होल्ट हरवला तरी उजेड सुमारे पाव हिश्श्याने घटतो.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे मोठा फ्यूज घालणे म्हणजे वायरलाच फ्यूज करणे. ब्रिटिश गाड्यांत यातून आणखी एक गोंधळ होतो. लुकासच्या काचेच्या फ्यूजवरचा 35 हा आकडा तो वितळण्याचा असतो आणि सतत वाहू शकणारा करंट त्याच्या निम्मा असतो. त्याच्या जागी आजचा 35 अँपिअरचा पात्याचा फ्यूज घालणे म्हणजे संरक्षण दुप्पट सैल करणे, तिथे 15 चा पुरतो. फ्यूज उडण्याचे कारण बहुधा हँडलच्या भोकाच्या धारेवर किंवा स्टिअरिंगच्या मानेशी सोललेल्या वायरीत सापडते. मीटरची एक तार संशयित वायरला आणि दुसरी चॅसिसला लावून, बॅटरी आणि बल्ब काढलेल्या स्थितीत, हँडल एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत सावकाश फिरवावे. जिथे बीप येईल तिथली टेप सोडून पाहावी.