मान्सून म्हणजे पाऊस नव्हे

मे संपत आला की टीव्हीवर तोच धोशा. मान्सून अडकला, मान्सून रखडला, जणू वडखळच्या नाक्यावर एसटीच अडकलीय. मग कुठेतरी वळवाची एक सर पडते आणि 'आला, आला' म्हणून नाच सुरू. कोकणात राहणाऱ्या माणसाने तरी हे मुकाट ऐकून घेऊ नये. कारण हा इंग्रजी शब्द दर्यावर्दी लोकांचा आहे, आणि त्यात मुळात पाऊस नाहीच.

मूळ अरबी शब्द 'मौसिम', म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. हजच्या यात्रेचा काळसुद्धा मौसिमच. खलाशांच्या तोंडी त्याचा अर्थ वारा अनुकूल झाला की शिडं उभारून बंदर सोडायचा काळ. पोर्तुगीजांनी तो त्यांच्याकडून उचलला, आपल्या वळणाने उच्चारला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजांच्या तोंडी बसला. आपला 'मोसम'ही त्याच अरबी शब्दाचा भाऊ, फक्त फारसीच्या वाटेने आलेला.

ही उलाढाल कुठे लांब झालेली नाही. चौलला दहाव्या शतकात अरब व्यापाऱ्यांची वस्ती होती. दाभोळला अरबस्तानातून घोडे उतरत. पोर्तुगीज तर रेवदंड्याला १७४० पर्यंत ठाण मांडून होते, आणि शेजारच्या कोर्लईत पोर्तुगीजातून निपजलेली बोली आजही घरात बोलतात.

आता गंमत बघा. ऐन जून-जुलैत नैऋत्येचा वारा इतका पिसाळतो की आपली बंदरं बंद. म्हणजे शब्दाचा जुना अर्थ धरला तर आपला खरा मौसिम नारळी पौर्णिमेनंतरचा! ज्याला आपण आज मान्सून म्हणतो, तो मौसिम बंद असण्याचा काळ. मुंबई ते वेंगुर्ला बोटी चालत तेव्हाही हेच होतं. 'बोटी बंद झाल्या' आणि 'बोटी सुरू झाल्या' अशी जुन्या माणसांच्या वर्षाची सरळ वाटणी. गणपती लवकर आले की चाकरमानी कोल्हापूरमार्गे घाट उतरून, हाडं खिळखिळी करून घरी.

पावसाच्या तयारीला आपल्याकडे वेगळा शब्द आहेच की, आगोट. होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या, लाकडं पडवीत रचायची, सुकट, सोडे, खारवलेला बांगडा डब्यात. "आगोटीचा सामान भरलंस काय गो?" हे ऐकलं की समजावं, पाऊस आला. हवामानाचा नकाशा बघायची गरज नाही.

वेधशाळेवर मात्र माझा राग नाही. केरळात मान्सून जाहीर करताना ती १४ ठिकाणचा पाऊस मोजते, पण वाऱ्याचा वेग आणि पश्चिमेचे वारे किती उंचीपर्यंत पोचलेत तेही बघते. शिवाय तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो तो पाऊस ईशान्येच्या वाऱ्याचा, त्यालाही ती मान्सूनच म्हणते. वारा गाळतात ते बातम्यावाले.

'मान्सून' इंग्रजी आहे, टाळा, 'मोसमी पाऊस' म्हणा, असा आग्रह धरणारेही भेटतात. धरा बापडे. फक्त 'मान्सूनचा मोसम' तेवढं लिहू नका. हंगामाचा हंगाम होतो तो.