४ जुलैला ‘दैवी संकेत’ म्हणणाऱ्यांसाठी

जुलै उजाडला की एक मेसेज हमखास फिरतो. ४ जुलै १७७६ला अमेरिका स्वतंत्र झाली, त्याच दिवशी ५६ जणांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, सह्या करणाऱ्यांपैकी तीन राष्ट्राध्यक्ष ४ जुलैलाच वारले, यादवी युद्धातलं व्हिक्सबर्ग त्याच तारखेला पडलं, फिलिपिन्सही त्याच दिवशी मुक्त झालं. म्हणजे या तारखेत दैवी संकेत आहे, असं त्यात असतं. मला हा मेसेज मनापासून खटकतो, कारण त्यात माणसांनी केलेलं सगळं तारखेच्या नावावर जमा होतं.

पहिला मुद्दा स्वातंत्र्याचा. ब्रिटनशी नातं तोडायचा ठराव फिलाडेल्फियात, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत (काँग्रेसमध्ये) मंजूर झाला २ जुलैला. १२ वसाहती बाजूने, न्यूयॉर्क तटस्थ. दुसऱ्याच दिवशी तिथला एक प्रतिनिधी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सने पत्नी ॲबिगेलला लिहिलं, की पुढच्या पिढ्या २ जुलै हा दिवस मिरवणुका काढून, रोषणाई करून साजरा करतील. ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. जॉन डनलॅपच्या छापखान्यात त्याच्या प्रती निघाल्या, त्यांच्या माथ्यावर ‘४ जुलै’ छापलं होतं. लोकांनी वाचली ती हीच तारीख.

सह्यांचं म्हणाल, तर त्या छापील प्रतीखाली काँग्रेसचा अध्यक्ष हॅन्कॉक आणि सचिव थॉमसन अशी दोनच नावं आहेत. चर्मपत्रावरच्या प्रतीवर बहुतेकांनी सह्या केल्या २ ऑगस्टला. मॅथ्यू थॉर्नटन या प्रतिनिधीने तर नोव्हेंबरमध्ये केली.

आता ते तीन मृत्यू. जाहीरनामा लिहिणारा जेफरसन आणि ॲडम्स दोघेही ४ जुलै १८२६ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी गेले, हे खरं आहे आणि ऐकून कुणीही थबकेल. मन्रो १८३१मध्ये त्याच तारखेला गेला, हेही खरं. पण मन्रोची जाहीरनाम्यावर सही नाही. चौथा राष्ट्राध्यक्ष मॅडिसन १८३६मध्ये २८ जूनला वारला. त्याचं नाव मेसेजमध्ये कधीच नसतं. आणि जेफरसनची शेवटची रात्र बघा. ८३ वर्षांचा म्हातारा, ३ जुलैची रात्र, उशाशी नातजावई निकोलस ट्रिस्ट. जेफरसन विचारतो, ‘आज चार तारीख ना?’ ट्रिस्टने आधी ऐकलं नसल्यासारखं केलं. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, तेव्हा खोटं का होईना, मान हलवली. जीव त्या दिवसासाठी अडकला होता. या प्रसंगात मला दैव दिसत नाही, एका माणसाची आस दिसते.

व्हिक्सबर्गचा तर हिशोबच होता. शहर दक्षिणेच्या ताब्यात, बाहेर उत्तरेच्या सैन्याचा ४७ दिवसांचा वेढा, आत उपासमार. दक्षिणेचा सेनापती पेम्बर्टन जन्माने पेनसिल्व्हेनियाचा, म्हणजे उत्तरेतलाच. उत्तरेची माणसं या दिवशी शरणागती मिळावी म्हणून सवलती देतील, असं ओळखून आपण ४ जुलै साधला, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं.

फिलिपिन्सवर अमेरिकेचंच राज्य होतं, आणि मुक्तीची तारीख अमेरिकी कायद्यातूनच आली होती. १९६२मध्ये फिलिपिन्सने स्वातंत्र्यदिन १२ जूनला नेला. स्पेनपासून स्वातंत्र्य त्यांनी १८९८मध्ये त्या दिवशी जाहीर केलं होतं.

मेसेजमध्ये नसलेली एक तारीख मात्र मी आवर्जून सांगेन. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली ४ जुलै १८२७ला. तिथल्या कृष्णवर्णीयांनी मिरवणूक काढली ५ जुलैला. ४ तारखेला गोऱ्या जमावाचा त्रास होईल ही धास्ती होती. १८५२मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे, गुलामगिरीतून सुटलेला कृष्णवर्णीय वक्ता फ्रेडरिक डग्लसही बोलायला उभा राहिला तो ५ जुलैलाच. समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना तो म्हणाला, ‘हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोकच केला पाहिजे.’